अण्णांच्या बंदुकीचा परवाना परत करताना

राखीपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, २० ऑगस्ट २०२४ ला, मी माहेरीच होते. सकाळी पोलीस ठाण्यातून अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, फोन आला. "तुमच्या बंदुकीबद्दल तक्रारअर्ज आलाय. परवाना घेऊन या." अण्णांनी फोन ठेवला आणि कपाटातलं परवान्याचं पुस्तक काढून चष्म्याच्या फडक्याने पुसत बसले.

त्या दिवशी सुरू झालेलं काम ऑक्टोबर २०२५ मध्ये संपलं. जवळजवळ चौदा महिने. जिथे जाईन तिथे अर्धी माहिती मिळायची आणि उरलेल्या अर्ध्यासाठी दुसऱ्या कार्यालयाचा पत्ता. शेतीसंरक्षणाची बंदूक घरात आहे आणि गाव महापालिकेत गेलंय, अशी घरं पुष्कळ असणार. त्यांच्यासाठी, आणि रात्री बंदुकीचा बार ऐकून दचकणाऱ्या त्यांच्या शेजाऱ्यांसाठीही, हे सविस्तर लिहितेय. शहराचं नाव मुद्दाम देत नाही.

पुण्यात २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावं महापालिकेत आली, तशीच आमच्याही शहराची हद्द वाढली आणि डोंगराच्या पायथ्याचं आमचं गाव आत आलं. ग्रामपंचायत गेली, पोलीस पाटील गेले, ग्रामीण पोलिसांची हद्द जाऊन आयुक्तालयाची आली. आमची ओढ्याकाठची अडीच एकर मात्र तशीच राहिली. पावसाळ्यात भुईमूग आणि रताळी, नंतर गहू. रानडुकरंही तशीच येत राहिली. रताळ्याच्या वाफ्यात एक कळप रात्रभर राहिला, तर सकाळी शेत नांगरल्यासारखं दिसतं.

अण्णांकडे १९८७ पासून बारा बोअरची दुनळी बंदूक होती. परवान्यावर गट नंबर आणि "फक्त शेतीसंरक्षणासाठी" असं स्पष्ट लिहिलेलं. त्यांनी कधी डुक्कर मारलं नाही. शेतातल्या माळ्यावर बसायचं, कळपाची चाहूल लागली की डोंगराच्या दिशेने वर एक बार काढायचा, कळप उधळतो. गावात सगळे तेच करायचे आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. पण आता आमच्या बांधापासून दोनशे पावलांवर रो-हाऊसची रांग आहे आणि तिच्यामागे बारा मजली इमारती.

ठाण्यात गेलो तेव्हा टेबलावर चार सोसायट्यांचा एकत्र अर्ज होता. साठेक सह्या. अण्णांचा जबाब झाला. हवालदारांनी परवाना, बंदुकीवरचा नंबर आणि काडतुसांची नोंद पडताळली. परवाना ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वैध होता, युनिक ओळख क्रमांकही घेतलेला होता, त्यामुळे तिथे काही अडचण आली नाही. आधी तीन वर्षांचा असणारा परवाना २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाच वर्षांचा झाला, हे बऱ्याच जुन्या परवानाधारकांना माहीत नसतं. घरात अशी बंदूक असेल तर आजच पुस्तक उघडून मुदतीची तारीख बघा. मुदत संपलेल्या परवान्याची बंदूक म्हणजे विनापरवाना बंदूक.

हवालदार जाताना म्हणाले, "क्षेत्रीय कार्यालयात बैठक लावलीय. तुम्ही या. तुमची बाजूही कुणीतरी मांडायला पाहिजे."

गणपती झाल्यावर, २४ सप्टेंबरला, ती बैठक झाली. नगरसेवक नव्हतेच, महापालिकेवर प्रशासक होते. समोर क्षेत्रीय अधिकारी, एक फौजदार आणि वनखात्याचे एक वनरक्षक. खुर्च्यांच्या डाव्या बाजूला सोसायट्यांचे लोक, उजवीकडे आम्ही गावातले. बसताना कुणी ठरवलं नव्हतं, तसं आपोआप झालं. मला ते बघून वाईट वाटलं. त्या डाव्या बाजूच्या दोघीतिघी आमच्याकडूनच भाजी घेतात.

पहिला तास फक्त गोंधळाचा होता, आणि त्याचं कारण मला नंतर शांतपणे विचार केल्यावर कळलं. प्रत्येक जण वेगळ्याच गोष्टीबद्दल बोलत होता. एकाने मोकाट डुकरांचा विषय काढला. ती कचऱ्यावरची डुकरं, त्यांचा बंदोबस्त महापालिका करते. रानडुक्कर हा वन्यप्राणी, तो वनखात्याचा. एका बाईंच्या कुत्र्याचा जबडा फुटला होता. ते बंदुकीमुळे नव्हतं. डुक्कर मारण्यासाठी पिठात स्फोटक दारू भरून ठेवलेला गोळा त्याने चावला होता. शिकारी टोळ्या असे गोळे ठेवतात आणि तो सरळ गुन्हा आहे. कुणी वरातीतल्या गोळीबाराबद्दल बोललं. त्यालाही २०१९ पासून वेगळी शिक्षा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. एका काकांचा नातू छऱ्याच्या बंदुकीने पोपट मारतो, ही तक्रार तर त्यांच्याच शेजाऱ्याने केली. कमी ताकदीच्या एअरगनला परवाना लागत नाही म्हणून पोपट मारायची मोकळीक मिळत नाही, हे वनरक्षकांनी तिथल्या तिथे सांगितलं. या सगळ्याला लोक एकच शब्द वापरत होते, "गोळीबार". आणि त्या शब्दात अण्णाही होते.

मग मागणी आली: महापालिकेने हद्दीत बंदूक बाळगायला आणि शिकारीला बंदी करणारा ठराव करावा. टाळ्या वाजल्या. आमच्या बाजूने एक जण उठून म्हणाला, "आधी गाव होतं, मग तुमच्या सोसायट्या आल्या." आता इकडूनही टाळ्या.

क्षेत्रीय अधिकारी शांत माणूस होता. त्यांनी सांगितलं की असा ठराव करायचा अधिकारच महापालिकेला नाही. मी घरी येऊन राज्यघटनेची सातवी अनुसूची काढून पाहिली. शस्त्रं आणि दारूगोळा संघसूचीत पाचव्या नोंदीवर आहेत, म्हणजे कायदा संसदेचा. शस्त्र अधिनियम १९५९ चा, नियम २०१६ चे. परवाना देतो तो जिल्हाधिकारी, आणि जिथे आयुक्तालय आहे तिथे पोलीस आयुक्त. शिकारीवर बंदी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आधीच आहे, शहरात आणि शहराबाहेरही. रानडुक्कर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर त्या कायद्याच्या अनुसूची २ मध्ये, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या यादीत आहे. बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारायचा परवाना नव्हे, त्यासाठी वनखात्याची वेगळी परवानगी लागते. हे वनरक्षकांनी सांगितलं तेव्हा आमच्याच बाजूचे दोघं चपापले. सदतीस वर्षं घरात परवाना असून मलाही ते ठाऊक नव्हतं.

बैठक संपत आली होती. तेवढ्यात रो-हाऊसमधल्या एक आजी उठल्या. पंचाहत्तरीच्या असतील. त्यांनी रुमालाची गाठ सोडली आणि तळहात अधिकाऱ्यांसमोर धरला. "गच्चीत तुळशीच्या कुंडीत सापडले. मी रोज सकाळी तिथे असते. हे काय आहे तेवढं मला सांगा."

शिशाचे तीन छर्रे. ज्वारीच्या दाण्यापेक्षा लहान, एक थोडा चपटा झालेला.

अण्णा उठले. कुणी बोलावलं नव्हतं. आजींच्या जवळ गेले, चष्मा वर केला, एक छर्रा चिमटीत धरून उजेडात पाहिला. मग म्हणाले, "चार नंबरचा आहे. माझाच असणार. या भागात चार नंबर मीच वापरतो." आणि आजींना म्हणाले, "बाई, माझं चुकलं. डोंगराकडे बार काढला की तो डोंगरातच पडतो, असं मी धरून चाललो होतो."

सभागृहात कुणी काही बोललं नाही. मला भीती वाटली, की आता गुन्हा दाखल होणार. फौजदारांनी अण्णांना बाजूला घेतलं, दुसऱ्या दिवशी ठाण्यात बोलावलं, आजींचा जबाब घेतला. आजींनी गुन्हा नोंदवायला नकार दिला. अण्णांनी हमीपत्र लिहून दिलं की यापुढे वस्तीच्या जवळ बार काढणार नाही. लेखी समज मिळाली. पण सुटलो असं मला वाटलं नाही. त्या कुंडीपाशी सकाळी आजी वाकलेल्या असताना छर्रा आला असता तर, हा विचार आजही माझ्या मनातून जात नाही.

मग निवडणूक आली. १५ ऑक्टोबर २०२४ ला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि तीन दिवसांत ठाण्यातून शस्त्र जमा करायची नोटीस आली. ही नोटीस आली म्हणून घाबरू नका, निवडणुकीत असं होतंच. १८ तारखेला बंदूक रिकामी करून कव्हरमध्ये घालून, परवान्यासह नेली. पोहोच घेताना एक काळजी घ्या. तिच्यावर बंदुकीचा नंबर, बनवणाऱ्या कंपनीचं नाव, काडतुसांची संख्या आणि बंदुकीची स्थिती लिहून घ्या, आणि जमा करण्याआधी फोटो काढा. आमच्या शेजाऱ्यांच्या पोहोचेवर फक्त "एक बंदूक" लिहिलं होतं आणि परत घेताना त्यांना दोन हेलपाटे पडले. निकाल २३ नोव्हेंबरला लागला. बंदूक ३ डिसेंबरला मिळाली.

मधले सहा आठवडे शेतात बंदूक नव्हती. डुकरं दोनदा आली. वनरक्षकांनी बजावलं होतं की नुकसान दिसलं की तीन दिवसांच्या आत अर्ज करायचा, तसा केला. पंचनाम्याला ते, तलाठी आणि कृषी सहायक आले. भरपाई मार्चमध्ये खात्यावर आली, चार हजार दोनशे. रताळ्याचं नुकसान त्याच्या तिप्पट होतं, पण अर्ज केला नसता तर तेही मिळालं नसतं. नोव्हेंबरमध्ये आम्ही सौर कुंपण घातलं. झटका मशीन, बॅटरी, पॅनेल, तार आणि खांब मिळून अठरा हजार पाचशे. झटका मशीनचा धक्का थांबून थांबून बसतो, जीव जात नाही. तारेत थेट लाइटचा करंट सोडणारे लोक आहेत. त्यात माणसं मरतात. तसं कधीही, कुणीही करू नका. आणि ओढ्याच्या बाजूची तार गवतापासून मोकळी ठेवावी लागते, नाहीतर झटका तिथेच उतरतो. ते काम आता अण्णा दर रविवारी विळा घेऊन करतात.

जानेवारीत अण्णांनी सांगितलं की बंदूक परत करायची. घरात यावरून जे झालं ते थोडक्यात लिहिते. धाकट्या भावाला बंदूक स्वतःच्या नावावर हवी होती. नियमात तशी सोय आहे. परवानाधारकाला सत्तर वर्षं पूर्ण झाली किंवा शस्त्र बाळगून पंचवीस वर्षं झाली, यातलं जे आधी होईल तेव्हा तो हयातीतच वारसाचं नाव सुचवू शकतो. अण्णा त्र्याहत्तर वर्षांचे. पण नव्या माणसाला प्रशिक्षणाचा दाखला लागतो, शारीरिक-मानसिक तंदुरुस्तीचं वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं, बाकीच्या वारसांची ना हरकत लागते, आणि मुख्य म्हणजे कारण लागतं. भाऊ म्हणाला, घराण्याची वस्तू आहे. अण्णा म्हणाले, "ती शेताची वस्तू आहे. शेताला आता ती चालत नाही." महिनाभर दोघं एकमेकांशी धड बोलले नाहीत. मी ना हरकतीवर सही करणार नाही, असं भावाला स्पष्ट सांगितलं होतं. त्याचा त्याला राग आला आणि तो खरा होता.

यानंतरचं काम मात्र खरंच थकवणारं होतं. परवाना जिल्ह्याच्या कार्यालयातून दिलेला, हद्द आता आयुक्तालयाची. एका कार्यालयाने सांगितलं, तुमचं दप्तर तिकडे वर्ग झालं. दुसरीकडे सांगितलं, आमच्याकडे आलेलंच नाही. मी तीन वेळा रजा काढून या दोन दारांमध्ये फिरले. अण्णा सोबत असायचे, जिन्यावर दम लागला की रेलिंगला धरून उभे राहायचे. तिसऱ्या वेळी बारनिशीतल्या, म्हणजे आवक-जावक नोंदणीतल्या, एका बाईंनी हळूच सांगितलं, "तोंडी विचारू नका. माहिती अधिकारात जावक क्रमांक मागा."

जावक क्रमांक म्हणजे कार्यालयातून बाहेर जाणाऱ्या कागदावर पडणारा नोंदीचा क्रमांक. १० फेब्रुवारी २०२५ ला अर्ज टाकला. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट. प्रश्न एकच ठेवला: अमुक क्रमांकाच्या परवान्याचं दप्तर कोणत्या तारखेला, कोणत्या जावक क्रमांकाने, कोणाकडे पाठवलं? तीस दिवसांची मुदत असते, उत्तर पंचविसाव्या दिवशी आलं. त्यात तारीख आणि क्रमांक दोन्ही होते. तो कागद दाखवल्यावर दुसऱ्या कार्यालयात नोंदवही उघडली गेली आणि पंधरा मिनिटांत अण्णांचं पान सापडलं. सगळं दप्तर तिथेच होतं, फक्त गावाच्या जुन्या नावाच्या गठ्ठ्यात. या सगळ्यातून एकच सल्ला लक्षात ठेवणार असाल तर तो हा ठेवा: जावक क्रमांक.

परवाना परत करायचा तर आधी बंदुकीचं काय करणार ते सांगावं लागतं. परवानाधारक विक्रेत्याला विकता येते, दुसऱ्या परवानाधारकाला विकता येते, किंवा पोलिसांकडे जमा करता येते. विकायची तर कुणाला विकणार ते नावानिशी लेखी कळवायचं आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबायचं, असं कायदाच सांगतो. आम्ही एका परवानाधारक विक्रेत्याचं संमतीपत्र घेतलं. ९ एप्रिलला दोन अर्ज एकाच दिवशी दिले, एक विक्रीच्या परवानगीचा आणि दुसरा स्वतःहून परवाना रद्द करून घेण्याचा. सोबत परवान्याची प्रत, आधार, फोटो, संमतीपत्र आणि प्रतिज्ञापत्र. आमच्याकडे प्रतिज्ञापत्रासाठी मुद्रांक मागितला गेला. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, हे नम्रपणे सांगितलं आणि साध्या कागदावरचं चाललं. नोटरीचे दोनशे रुपये गेले. प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

मे-जूनमध्ये ठाण्याची चौकशी झाली. गुन्हा नाही, पण ती लेखी समज आहे, हे अहवालात गेलं. अण्णा म्हणाले, जाऊ दे, झालं ते झालंच आहे. परवानगीचं पत्र १८ जुलैला हातात पडलं. एकूण खर्च, नोटरी, झेरॉक्स, टपाल आणि रिक्षा धरून, दोन हजार तीनशेच्या आसपास. माझ्या नऊ रजा.

२३ जुलैला बंदूक द्यायला गेलो. आदल्या रात्री अण्णांनी ती शेवटची साफ केली. जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, बंदूक मोडून नळी वेगळी केली, गजाला तेलाचं फडकं गुंडाळून दोन्ही नळ्यांतून सावकाश फिरवलं. नळी दिव्याकडे धरून आत बघितलं आणि मला म्हणाले, "ये, बघ." मी डोळा लावला. आत एकावर एक उजेडाची वलयं होती, अगदी शेवटपर्यंत, डागाशिवाय. लहानपणी मला त्या खोलीत यायला बंदी असायची. तेलाचा तो वास मात्र दाराबाहेरूनही यायचा.

विक्रेत्याने नंबर ताडला, घोडे तपासले, उरलेली अकरा काडतुसं मोजून नोंदवहीत लिहिली. सात हजार रुपये दिले. अण्णांनी घासाघीस केली नाही. पावती, नोंदवहीतल्या पानाची सही-शिक्क्याची प्रत आणि मूळ परवान्यावर विक्रीची नोंद, या तिन्ही गोष्टी तिथेच घ्या. त्याशिवाय परवाना रद्द होत नाही. निघताना अण्णांनी विचारलं, "गज ठेवू का? तो काही शस्त्र नाही." विक्रेता म्हणाला, "ठेवा की, मामा."

कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी, ७ ऑक्टोबर २०२५ ला, परवाना रद्द केल्याचा आदेश मिळाला. एक पान. मी त्याच्या पाच प्रती काढल्या. एक भावाला दिली. त्याने ती घडी करून पाकिटात ठेवली, बोलला काही नाही, पण दिवाळीत शेतावर आला आणि ओढ्याकडच्या तारेखालचं गवत त्यानेच काढलं.

१५ डिसेंबरला महापालिका निवडणुकांची आचारसंहिता लागली आणि दोनच दिवसांत ठाण्यातून पुन्हा फोन. अण्णांची बंदूक जमा करा. यादी जुनीच होती. मी आदेशाचा फोटो पाठवला, दुसऱ्या दिवशी प्रत नेऊन दिली आणि तिच्यावर शिक्का घेतला. हवालदार तेच होते. त्यांनी यादीत अण्णांच्या नावावर रेघ मारली, शेजारी आदेशाचा क्रमांक लिहिला आणि विचारलं, "मग डुकरांचं काय करता आता?"

मी तारेचं सांगितलं. ते म्हणाले, माझंही गावाकडे शेत आहे, मशीन कोणतं घेतलं ते लिहून द्या. त्याच यादीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी त्यांना लिहून दिलं.